आक्कासाहेबांच्या चार वितींच्या मोहिमेची बखर

श्री माळजाई समर्थ. सातव्या गडाच्या बांधावर जिचे ठाणे, जिच्या झुडपांत आजवर हजारो चेंडू गडप जाहले आणि जिने एकही माघारी दिला नाही, त्या माऊलीस दंडवत घालोन हा मजकूर लिहिला आहे. जे घडले ते तसेच मांडले. ज्यास झोंबेल त्याने गार पाणी प्यावे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, बुधवार, ते दिवशी हिरव्या राज्यात जो विडा उचलला गेला त्याची हकीकत येणेप्रमाणे.

राज्य केवढे म्हणाल तर या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत. त्यास गड अठरा, दर गडावर निशाण एक, निशाणाखाली खळी एक आणि खळीभोवती बारीक कातरलेली हिरवळ. खुंटीपासून काठीने चेंडू हाणावा आणि कमीत कमी टोल्यांत खळीत घालावा, इतकीच तेथील राजनीती, आणि त्यास गोल्फ म्हणतात. पूर्वी गोऱ्या अंमलदारांनी माळावर गवत पेरले, मग गोरे गेले आणि गवत राहिले, आणि गवताबरोबर त्यांची ऐटही राहिली. दर गडास खुंट्या दोन. पांढरी दूरची, ती पुरुषांची म्हणत. तांबडी जवळची, ती बायकांची म्हणत. ऐसियास सव्वीस वर्षांमागे वीटभट्टीवाल्यांच्या आक्कासाहेब आपल्या मालकांबरोबर तेथे गेल्या, आणि बाकावर बसोन तासभर पाहिले, आणि मग उठोन म्हणाल्या, "एवढंच होय? द्या इकडं काठी." शाळा चौथीपर्यंत, परंतु धूर पाहोन भट्टीतली वीट कच्ची की पक्की ते सांगणार, ऐसी नजर. त्यांनी पांढऱ्या खुंटीवरून पहिला चेंडू हाणला तो तळ्यात गेला, दुसरा तळ्यापार गेला, आणि तेव्हापासोन तांबडीवर जा म्हणावयाची कोणाची छाती जाहली नाही. त्या पांढऱ्या खुंटीवर मालकांच्या शेजारी उभे राहोन चौदा वर्षे खेळल्या, आणि मालक गेल्यावर बारा वर्षे त्यांच्यावाचोन खेळल्या. लिहिणेवाचणे बेताचे, म्हणोन टोले मोजण्यास कमरेच्या बटव्यात चिंचोके ठेवीत, आणि दर टोल्यास एक चिंचोका उजव्या कप्प्यातोन डाव्यात टाकीत. त्या मोजणीत कधी चूक निघाली नाही.

आता रिवाज सांगतो. पावसाळाभर चेंडू चिखलात रुततो म्हणोन मोहीम बंद, आणि दसऱ्यास सीमोल्लंघन. खंडेनवमीस सगळ्यांच्या काठ्या धुऊन, हळदकुंकू लावोन, झेंडूच्या माळा घालोन चावडीत मांडायच्या, आणि दशमीस कारभाऱ्याने तबकात विडे ठेवायचे, आणि ज्याने त्याने विडा उचलोन सर्वांसमक्ष बोलायचे की पाडव्यापर्यंत आपण अमुक एक सुधारणा करू. कोणी म्हणे वाळूच्या खड्ड्यातोन एका टोल्यात बाहेर पडेन, कोणी म्हणे पोट चार बोटे आत घेईन, आणि दंतवैद्य हेरवाडकर तर सात वर्षे एकच विडा उचलीत की चेंडू चुकला तरी शिवी देणार नाही.

त्या वर्षी कारभार यादोराव फरशीवाल्यांकडे आला होता. वय पन्नास, मिशी राखलेली, आवाज मोठा, आणि टोला आवाजाहून लहान. त्यांनी तबक पुढे केले, आणि घसा खाकरला, आणि छताकडे पाहोन बोलिले, "पांढऱ्या खुंटीवर फार खोळंबा होतो आजकाल. तरी ठराव असा, की वर्षाच्या अखेरीस ज्याचे अठरा गड नव्वद टोल्यांत सर होणार नाहीत, त्याने पाडव्यापासून तांबडी धरावी. मग तो कोणी का असेना." चावडीत एकाएकी सगळ्यांस आपापल्या चपला दिसू लागल्या. कारण तेथील सर्व सरदारांचे आकडे नव्वदीच्या आत होते, आणि चार वर्षे ब्याण्णव त्र्याण्णवावर अडलेले माणूस चावडीत एकच होते, आणि त्यांचे वय सदुसष्ट होते.

"यादोराव," आक्कासाहेब म्हणाल्या, "नाव घेऊन बोला की. छताला काय सांगताय?"

"तसं नव्हे आक्कासाहेब, वयाचा मान ठेवूनच…"

"वयाचा मान तुमच्या फरशीखाली ठेवा." ऐसे बोलोन त्या उठल्या, आणि तबकातला सर्वांत मोठा विडा उचलला. "नव्वद. फाल्गुनी अमावास्येच्या आत. नाही जमलं तर पाडव्याला मी तांबडी धरीन, आणि माझ्यासाठी कुणी तोंड पाडून बसायचं नाही." मग विडा चावोन बाहेर आल्या तो ताठ मानेने आल्या, परंतु दार उघडले ते दुसऱ्याच्याच गाडीचे, हे फक्त म्हादबाने पाहिले.

म्हादबा म्हणजे सव्वीस वर्षे आक्कासाहेबांची पिशवी वाहणारा. वय बासष्ट, दात चार, आणि राज्यातला प्रत्येक चढउतार तळपायास पाठ. मग दुसरे दिवशी मसलत बसली, आणि मसलतीस ती दोघेच. आक्कासाहेबांनी रुमालास गाठी तीन मारल्या. पहिली गाठ, लांब टोला वीस पावले वाढवायचा. दुसरी, वाळू जिंकायची. तिसरी, गुडघ्यांनी कुरकूर केली तरी अठरा गड पायीच चालायचे. म्हादबा डोके खाजवीत म्हणाला, "टोल्याचं काय न्हाई आक्कासाब, त्यो हाय तसा झ्याक हाय. पर हिरवळीवर गेल्यावर जरा…"

"हिरवळीवर मला कुणी शिकवायचं नाही."

"न्हाई, न्हाई," म्हणोन म्हादबा गप्प जाहला, आणि ते गप्प बसणे तीन महिन्यांस पडले. कारण मग मुलाकरवी परदेशाहोन नवी काठी आणविली, जिचे डोके नारळाएवढे, आणि एक उस्ताद ठेविला, जो दर टोल्यास खांदा सोडा, खांदा सोडा म्हणे, आणि आक्कासाहेब रोज पहाटे दोनशे चेंडू हाणीत, आणि रात्री खांद्यास तेल चोळीत. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. टोला पंधरा पावले वाढला, ऐसा की तांबड्या खुंटीवरच्या बायका हातातला चहा खाली ठेवोन पाहात. आणि आकडा पाहावा तर त्र्याण्णव, पंच्याण्णव, पुन्हा त्र्याण्णव. चिंचोके तेच आणि बटवा तोच. घरात कोणी आकडा विचारीना, आणि कोणी विचारले नाही याचाही राग येई.

आता या राज्यात आणखी एक रिवाज होता, आणि सगळे प्रकरण त्यावर फिरले, म्हणोन नीट ऐका. चेंडू खळीपासोन चार वितींच्या आत आला, की सोबत्याने म्हणावे, "उचला." म्हणजे हा तर गेलाच, घालोन दाखविण्याची गरज नाही, एक टोला धरावा आणि पुढच्या गडास कूच करावे. यास मान देणे म्हणत. सरदार सरदारास मान देई, तो उलटोन मान घेई, आणि दोघांचे आकडे गोजिरवाणे राहात. आक्कासाहेबांस तर सर्वांहून अधिक मान. चेंडू सहा वितींवर असला तरी यादोराव आणि दंतवैद्य एका तोंडाने म्हणत, "उचला आक्कासाहेब."

संक्रांतीस, रविवारी, चौकडीतला चौथा गडी गुडघा धरोन घरी बसला, आणि जागा भरावयास आक्कासाहेबांची सून केतकीबाई आली. सात वर्षे तांबडीवर खेळत होती. टोला लहान पण सरळ, बोलणे त्याहून लहान. सासूबाईंच्या चौकडीत पाऊल ठेवण्याची ती पहिली वेळ. पहिल्या गडावर आक्कासाहेबांचा तिसरा टोला खळीपासोन तीन वितींवर थांबला, आणि दोघे नेहमीप्रमाणे म्हणाले, "उचला आक्कासाहेब." म्हादबा निशाण घेऊन वळलाही.

"का?" केतकीबाई म्हणाली.

"का म्हणजे?" यादोराव.

"खळीत कुठं गेलाय अजून?"

दंतवैद्य हसोन म्हणाले, "अहो सूनबाई, आम्ही त्यांना देतो. मान असतो तो."

"मला नाही कधी कुणी दिला."

"थांबा डॉक्टर," आक्कासाहेब म्हणाल्या, आणि कानाच्या पाळ्या तांबड्या जाहल्या. "सूनबाईला बघायचंय. दाखवू." मग काठी टेकविली, आणि चेंडूस टोला दिला, आणि चेंडू खळीच्या उजवीकडोन गेला. परत मारला तो डावीकडोन गेला. तिसऱ्याने आत पडला. तीन विती आणि तीन टोले. "वारा सुटला वाटतं," दंतवैद्य म्हणाले, आणि पान हलत नव्हते. दुसऱ्या गडावर कोणी उचला म्हणेपर्यंत आक्कासाहेब ओरडल्या, "कुणी तोंड उघडायचं नाही!" आणि तेथेही चुकल्या, आणि चौथ्यावर चुकल्या, आणि नवव्यावर दोनदा चुकल्या. अठरा गड संपले तेव्हा डाव्या कप्प्यात चिंचोके एकशेचार. नवी काठी, उस्ताद, पंधरा पावले, आणि एकशेचार.

परतीस गाडी सुनेने हाकली, आणि अर्धी वाट सरली. मग केतकीबाई म्हणाली, "आत्याबाई, मी चुकले असेन तर…"

"तू चुकली नाहीस," आक्कासाहेब म्हणाल्या. "तेच झोंबलं. आता गप गाडी हाक."

दुसरे दिवशी म्हादबास बोलाविले, आणि बसावयास पाट दिला, आणि विचारले, "किती वर्षं?"

म्हादबा पाटाकडे पाहात म्हणाला, "बारा."

"बारा वर्षं मी चेंडू खळीत घातला नाही?"

"चार वितींतला न्हाई. मालक गेलं त्या वर्षी तिसऱ्या गडावर येक चुकला बघा, आन् तुमी काठी गुडघ्यावर घिऊन मोडली. आन् तितंच बसला. त्या दिसापासनं समदी उचला म्हनाया लागली. तुमास्नी बरं वाटावं म्हून. म्या बी म्हनलो, असूं दे."

आक्कासाहेबांस ती मोडलेली काठी आठवली. सोबती उगी उभे राहिले होते, आणि कोणीतरी हळूच चेंडू उचलोन हातात दिला होता, तो कोणी दिला ते मात्र आठवेना. तेव्हा दया घेतली आणि ती बारा वर्षे मान म्हणोन खाल्ली, हे ध्यानी आले, आणि ते गिळावयास विड्याहून जड गेले. मग रुमालाच्या तिन्ही गाठी दातांनी सोडल्या, आणि एकच मारली.

त्या दिवसापासोन दिवाणखान्यातली बैठक गुंडाळली, आणि सतरंजी ताणोन अंथरली, आणि चार वितींवर वाटी आडवी ठेविली. अट ऐसी की शंभर चेंडू सलग वाटीत गेले पाहिजेत; एक चुकला की पुन्हा पहिल्यापासोन. पलीकडे केतकीबाई मांडी घालोन बसे आणि चेंडू परत लोटी. पहिले दिवशी अकरा. आठवड्याने चौतीस. माघ संपता एकसष्ट. आणि रविवारी चौकडीस ताकीद दिली, "मला जो उचला म्हणेल, त्याच्या घरच्या कार्याला माझा आहेर यायचा नाही." दंतवैद्यांच्या मुलीचे लग्न वैशाखात होते, त्यांनी तोंडास कुलूप घातले. आकडे आले ते एकशेएक, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव. होळीच्या दिवशी दुपारी सतरंजीवर सत्त्याण्णव चेंडू सलग गेले, आणि अठ्ठ्याण्णवावा वाटीच्या कडेस लागोन फिरला. आक्कासाहेबांनी काठी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि गुडघा वर घेतला. 

"मोडा," केतकीबाई म्हणाली. "पण मग घालणार कशानं?"

काठी किती वेळ तशीच राहिली ते सांगवत नाही. मग हळूच खाली आली. "एक," आक्कासाहेब म्हणाल्या, आणि पहिल्यापासोन आरंभ केला, आणि दिवेलागणीस शंभर जाहले, आणि त्यांनी सुनेस पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा करोन दिला. साखर विसरल्या. सुनेने सांगितले नाही.

मग फाल्गुन वद्य अमावास्या आली, मंगळवार, वर्षाचा शेवटचा दिवस. मोजणीस साक्षी म्हणोन यादोराव जातीने निघाले, आणि टोले लिहावयास केतकीबाई, आणि पिशवीस म्हादबा. आक्कासाहेब सावकाश चालल्या. चार वितींवरचे चेंडू खळीत जात होते, आणि दरवेळी म्हादबा श्वास सोडी तो ऐकू येई. सतरा गड सर जाहले तेव्हा चिंचोके पंच्याऐंशी. राहिला गड एक, आणि राहिले टोले पाच.

अठरावा गड चावडीसमोर, आणि मध्ये तळे. चावडीच्या ओसरीवर सारे राज्य जमले होते. पहिला टोला सरळ गेला. दुसऱ्यास तळे आडवे आले, आणि यादोराव म्हणाले, "काढा की ती नारळवाली. एका दणक्यात पार. पंधरा पावलं कशासाठी वाढवलीत?" ओसरीवर सगळे बघत होते, आणि आक्कासाहेबांचे रक्त उसळले, आणि हात पिशवीकडे गेला. म्हादबाने धाकटी काठी पुढे धरली. आक्कासाहेबांनी दोन्ही काठ्यांकडे पाहिले, आणि धाकटी घेतली, आणि हलक्या टोल्याने चेंडू तळ्याच्या अलीकडे आणोन ठेविला. ओसरीवर कोणीतरी चुकचुकले. तिसरा टोला तळ्यावरोन हिरवळीवर, निशाणापासोन बारा पावले. चौथा घरंगळत गेला, घरंगळत गेला, आणि खळीपासोन चार वितींवर उभा राहिला. चिंचोके एकोणनव्वद.

आता यादोरावांनी ओसरीकडे पाहिले. लोक कोणाच्या बाजूचे आहेत ते त्यांस दिसले, आणि उद्या या बाईस तांबडीवर धाडल्याचे खापर कोणाच्या माथी, तेही दिसले. मग मोठ्या आवाजात बोलिले, "उचला आक्कासाहेब! झाले नव्वद, ठराव पाळला! अरे वाजवा की टाळ्या!" आणि टाळ्या वाजू लागल्या. फक्त वाकायचे होते. वाकून चेंडू हातात घ्यायचा, की पांढरी खुंटी राहिली, मालकांच्या शेजारची जागा राहिली, आणि कोणी एका शब्दाने विचारणार नव्हते. केतकीबाई कागदाकडे पाहात उभी होती. तिने वर पाहिले नाही. म्हादबा निशाण धरोन जमीन पाहात होता.

"टाळ्या थांबवा," आक्कासाहेब म्हणाल्या. "खळीत कुठं गेलाय अजून?"

मग काठी टेकविली. चेंडू निघाला तो सरळ निघाला, सतरंजीवर जसा निघे तसाच, आणि खळीच्या काठावर पोहोचला, आणि विहिरीत डोकावावे तसा आत डोकावला, आणि थांबला. राज्याचा नियम ऐसा की काठावरच्या चेंडूस दहा अंक मोजण्याची मुभा आहे, तेवढ्यात आत पडला तर नवा टोला धरीत नाहीत. सगळी ओसरी मनात मोजीत होती. आठ जाहले, नऊ जाहले, दहा जाहले. चेंडू हलला नाही. आक्कासाहेबांनी पुढे होवोन त्यास काठीने बोटभर धक्का दिला, आणि तो पडला, आणि पडल्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला. बटव्यातोन दोन चिंचोके काढले आणि डाव्या कप्प्यात एकेक करोन टाकले.

"लिही सूनबाई. एक्क्याण्णव."

केतकीबाईने लिहिले, आणि आकड्याखाली रेघ ओढली. यादोराव पुढे येवोन म्हणाले, "अहो, एका टोल्यानं काय होतंय, आपण समजून घेऊ…"

"उद्यापासून तांबडी," आक्कासाहेब म्हणाल्या. "शब्द तो शब्द. पण यादोराव, ठरावात 'ज्याचे' म्हटलं होतंत. ज्याचे म्हणजे सगळ्यांचे. माझे एक्क्याण्णव खळीत जाऊन मोजले. तुमचे सत्त्याऐंशी कुठं जाऊन मोजलेत?"

मग दंतवैद्य हेरवाडकर हळूच म्हणाले, "तसं बघायला गेलं तर, च्यायला, बरोबर आहे," आणि त्यांचा त्या वर्षीचा विडा तेथेच मोडला, आणि हशा पिकला, आणि त्या हसण्यात ठराव बांधला गेला की पाडव्यास सर्वांनी पुन्हा खेळावे आणि कोणी कोणास उचला म्हणो नये.

पाडव्यास गुढ्या उभारोन मंडळी निघाली. तिसऱ्या गडावर यादोराव दोन वितींच्या चेंडूभोवती पाच वेळा फिरले आणि चार टोले मारले. दंतवैद्यांनी सातव्या गडावर माळजाईस नवस बोलला, तो तिने ऐकला नाही. दुपारपर्यंत कारभाऱ्यांचे अठ्ठ्याण्णव, दंतवैद्यांचे एकशेदोन, आणि पांढऱ्या खुंटीच्या चाळीस सरदारांपैकी नव्वदीच्या आत आले ते तिघे. चौथी आली केतकीबाई, जिने कोणास न विचारता पांढरीवर चेंडू ठेविला, आणि जिला सात वर्षांत कोणी मान दिला नव्हता म्हणोन प्रत्येक चेंडू खळीत घालण्याची सवय होती. तिचे एकोणनव्वद.

सायंकाळी आक्कासाहेब तांबड्या खुंटीपाशी उभ्या होत्या, आणि काठी बगलेत मारोन यादोराव खाली मान घालोन आले, आणि त्यांच्यामागे दंतवैद्य, आणि त्यांच्यामागे रांग.

"या यादोराव," आक्कासाहेब म्हणाल्या. "इथं फार खोळंबा होतो आजकाल."

सारांश, शके एकोणीसशे चव्वेचाळीसात हिरव्या राज्यातोन मान देण्याचा रिवाज उठला, तो पुन्हा बसला नाही. आक्कासाहेबांचे गुडघे होते तसेच आहेत, खांदा उतरला आहे, नारळाच्या डोक्याची काठी माळ्यावर आहे, आणि सतरंजी अंथरलेलीच आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, विजयादशमी, मंगळवार, ते दिवशी त्यांनी तांबडीवरोन येवोन तबकातला विडा उचलला, आणि पांढऱ्या खुंटीकडे पाहात आकडा एकच बोलल्या, अठ्ठ्याऐंशी, म्हणजे सुनेहून एक कमी. केतकीबाईने तिथल्या तिथे दुसरा विडा उचलला आणि सत्त्याऐंशी म्हणाली. मजकूर इतकाच.